एका कानाचं भांडं

पांढऱ्याला नुसतं पांढरं म्हणणाऱ्या माणसाची धनलक्ष्मी येमूलला कीव यायची. तिचा धंदाच तसा होता. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, दातांची लॅब होती आणि तिथं ती अर्ध्याहून अधिक आयुष्य कामाला होती. शहरातले डॉक्टर मापं पाठवायचे. धनलक्ष्मी चिनी मातीची पूड ओली करायची, बारीक ब्रशनं थरावर थर चढवायची आणि छोट्या भट्टीत भाजून दाताची कॅप करायची. तंबाखू खाणाऱ्याच्या दाताचं पांढरं वेगळं, लग्न ठरलेल्या मुलीच्या दाताचं वेगळं. कॅप शेजारच्या दाताला अशी मिळून गेली पाहिजे, की घरच्या माणसालाही कळू नये. एखादा डॉक्टर फोनवर म्हणायचा, "मॅडम, जरा जास्त पांढरी करा, पेशंटची हौस आहे." त्यावर ती सरळ सांगायची, "तोंडात ट्यूबलाइट लावल्यासारखी दिसेल डॉक्टर. मी नाही करणार." डॉक्टर हसायचे आणि ऐकायचे.

अशा बाईला जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचं वेड लागलं, यात नवल काही नव्हतं. सुरुवात झाली मंगळवार बाजारात. ती गेली होती नळाचा जुना स्पॅनर शोधायला. नवऱ्यानं, अंबादासनं, सांगितला होता. जमिनीवर पसरलेल्या पोत्यावर गंजलेली कुलुपं, रेडिओची बटणं, पितळी दांड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यात एक साबणदाणी आणि एक बशी. दोन्ही पांढऱ्या. धनलक्ष्मी तिथंच उकिडवी बसली. साबणदाणीचं पांढरं निळसर, थंडगार होतं, आणि बशीचं सायीसारखं. बशी तिनं उन्हाकडे धरली तर मागची स्वतःची बोटं तिला दिसली. साबणदाणीतून काहीच दिसेना. दोन्ही घेऊन ती घरी आली. स्पॅनर राहिला तो राहिलाच.

त्यानंतर ती शिकत गेली. कुणी शिकवणारं नव्हतं, पण मातीचा, झिलईचा आणि भट्टीचा स्वभाव तिच्या हातांना रोजचाच होता. कुठल्या मातीत हाडांची राख मिसळलेली आहे, हे ती उजेडात धरून सांगायची. जाड, दगडासारख्या वजनाच्या चिनी मातीवर नख वाजवून तिचा बद्द आवाज ऐकायची. भांडं पालथं घालून बुडाचं कडं चाचपायची. तिथं झिलई नसते, तिथं माती उघडी असते, आणि उघडी माती खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची. घरातल्या काचेच्या कपाटात तिनं एकाही फुलाला किंवा सोनेरी रेषेला शिरकाव करू दिला नाही. "नक्षी काढून टाकली," ती म्हणायची, "की भांड्याला लपायला जागाच राहत नाही." अंबादास टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचा. त्यानं कपाटाचं नाव ठेवलं होतं 'तेल्ल देवुडू'. म्हणजे तेलुगूत, पांढरा देव. संध्याकाळी ती कपाटासमोर उभी दिसली, की तो विचारायचा, "पूजा झाली असेल तर चहा टाकू का?"

पुढं फोन आला आणि फोनबरोबर जगभरातल्या असल्याच वेड्यांचा एक ग्रुप. कुणी स्कॉटलंडातून बशीचा फोटो टाकायचं, कुणी कलकत्त्याहून. हे काय आहे, कधीचं आहे, म्हणून विचारायचं. धनलक्ष्मी डब्यातली भाकरी खाता खाता उत्तर द्यायची, आणि ती उत्तरं बरोबर निघायची. वाहवा झाली, अंगठे आले. हळूहळू ती फोटो बघितल्या बघितल्या सांगायला लागली. भांडं हातात घ्यायची गरजच काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

लॅबमध्ये मेणकामाला सोनाली होती. सांगोल्याच्या पलीकडची, धनगराच्या घरातली, लग्न होऊन सोलापुरात आलेली. हात हलका आणि तोंड फटकळ, म्हणून धनलक्ष्मीचं तिच्याशी जमायचं. दुपारच्या सुट्टीत धनलक्ष्मी ग्रुपवरचे फोटो बघत होती, तेव्हा सोनाली खांद्यावरून वाकून म्हणाली, "ताई, असलं एक आमच्या देव्हाऱ्यात पण आहे की. माझ्या आजीचं. बिरोबाचा भंडारा असतोय त्यात."

"पांढरं?"

"पांढरंफेक. झाकणाचं."

दोन दिवसांनी सोनालीच्या वडिलांनी, बिभीषणनं, फोटो पाठवला. देव्हाऱ्याच्या फळीवर झेंडूच्या माळेत बसलेलं गोल, पोटाळ भांडं. त्यावर घुमटासारखं झाकण, झाकणाला कळीसारखी मूठ. एका बाजूला बाकदार कान होता, दुसरी बाजू माळेखाली झाकली गेली होती. दुसऱ्या फोटोत बूड होतं. बुडावर सिंह आणि घोडा यांचा पुसटसा काळा शिक्का.

धनलक्ष्मीचे डोळे लकाकले. "अगं, हे सुपाचं भांडं! मोठ्या पंगतीत टेबलाच्या मधोमध ठेवायचे. दोन्ही बाजूंना कान असतात, नोकरानं दोन्ही हातांनी उचलायचं म्हणून. झाकणाला मागून खाच असेल बघ, पळी बाहेर राहायला. शंभर वर्षांच्या वरचं, विलायतेचं." तिनं तो फोटो ग्रुपवरही टाकला, वर स्वतःचा निकाल लिहून. अंगठे आलेच.

सोनालीनं हे घरी सांगितलं. बिभीषणनं ते गावात सांगितलं, आणि सांगता सांगता त्यात भर पडत गेली. सिंह-घोड्याचा शिक्का तर राजघराण्याचा! तसले शिक्के विलायतेतले कितीतरी कारखानदार आपल्या मालावर मारायचे, हे धनलक्ष्मीला माहीत होतं. बिभीषणला कुठून माहीत असणार? आठवड्याभरात भांडं राणीच्या ताटाजवळ जाऊन बसलं. गावच्या ग्रुपवर फोटो फिरला. भावकीतली माणसं बघायला यायला लागली. शेवटी बिभीषणनं लेकीला फोन केला, "तुज्या म्याडमला घिऊन ये रविवारी. समद्यांच्या म्होरं सांगू दे एकदा, काय हाय ते. मानपान करतू त्यांचा."

रविवारी दोघी एसटीनं सांगोल्यापर्यंत गेल्या, तिथून बिभीषणच्या जीपमधून. डाळिंबाच्या बागा मागं पडल्या, मग ज्वारीची रानं, मग नुसता माळ. बिभीषण गाडी चालवताना सारखा मागं वळून बोलत होता. "म्याडम, आमच्यात कुनाला म्हाइतीच न्हवतं. सत्तर वर्सं देवाफुडं राणीचं भांडं हाय आन् आमी आपलं भंडारा ठिवतोय त्यात."

"राणीचं आहे असं मी नाही म्हटलं हं," धनलक्ष्मी म्हणाली.

"आवो, तुमी इलायती म्हनलासा की. तितं दुसरं कोन हाय?"

घरासमोर मोकळं पटांगण होतं, कडेला काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. पंधरा-वीस माणसं जमली होती. पाहुणीसाठी नवं घोंगडं अंथरलं होतं. ओसरीत एक म्हातारी चातीवर लोकर कातत बसली होती. कपाळावर भंडाऱ्याचा रुपयाएवढा टिळा, तोंडात दात नाहीत. सोनालीची आजी मायाक्का, बिभीषणची आई. तिनं धनलक्ष्मीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये बाई. आदी पानी पी. भांडं कुटं पळून जात न्हाय."

चहा झाला. मग मायाक्का स्वतः उठली. देव्हाऱ्यातून भांडं काढायला दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. स्वच्छ धोतराच्या पांढऱ्या पानावर तिनं पिवळाधमक भंडारा ओतला, कपाळाला लावला आणि रिकामं भांडं दोन्ही हातांनी धनलक्ष्मीच्या ओंजळीत दिलं.

आणि धनलक्ष्मीच्या हातांना कळलं.

कान एकच होता. माळेखालची ती दुसरी बाजू अंड्यासारखी गुळगुळीत होती. झाकण फिरवून पाहिलं, तर खाच कुठंच नाही. आणि कड! सुपाच्या भांड्याची कड झाकण बसवायला आत वळलेली असते. इथं ती बोटाएवढी जाड, बाहेर वळवलेली आणि गोल केलेली होती. कशासाठी, हे तिला ठाऊक होतं. माणसाला बसताना टोचू नये म्हणून. असली भांडी तिनं फोटोत कितीदा पाहिली होती आणि हसून पुढं सरकवली होती. साहेबाच्या पलंगाखालचं भांडं. रात्री उठून अंधारात बाहेर जायला लागू नये, म्हणून.

तिच्या कानशिलांत ऊन चढलं. समोर बिभीषण फोन उभा धरून चित्रीकरण करत होता. सोनाली चेहरा फुलवून उभी होती, आपली ताई आपल्या गावात आली म्हणून. आता 'सुपाचं भांडं' एवढे दोन शब्द म्हटले असते, तर टाळ्या पडल्या असत्या, शाल-नारळ झाला असता, आणि त्या माळावर येऊन तो निकाल खोडून काढणारं जगात कुणी नव्हतं. धनलक्ष्मीनं तो विचार मनात येऊ दिला, पण बसू दिला नाही. चुकीच्या रंगाची कॅप लॅबमधून बाहेर गेली तर रात्रभर तिला झोप येत नसे. हे तर देवघरातलं होतं.

"बिभीषणभाऊ, फोन खाली ठेवा," ती म्हणाली. "मी फोटो बघून जे सांगितलं होतं, ते चुकलं."

पटांगणात चुळबुळ झाली. "म्हंजे? इलायती न्हाय?"

"विलायतीच आहे. जुनंही आहे, मी सांगितलं तेवढं. पण सुपाचं नाही."

"मग कशाचं?"

धनलक्ष्मीनं भांडं मांडीवर घेतलं. "घरात हे भांडं कुणाचं?"

"आमचंच की."

"तसं नाही. कुणाच्या हातचं?"

"माजं," मायाक्का म्हणाली. "सासऱ्यानं माज्या हातात दिलतं. मी नवी नवरी हुते."

"मग आधी आजींना एकट्यांना सांगते. त्यानंतर त्या म्हणतील तसं."

बिभीषणचा चेहरा पडला. पण मायाक्का पदर सावरून मेंढरांच्या वाड्याकडे चालू लागली. धनलक्ष्मी भांडं पदराखाली धरून तिच्या मागून गेली.

कुंपणाशी सावली होती. आत दोन-तीन कोकरं आडवी पडली होती. धनलक्ष्मीनं शब्द शोधले नाहीत. "आजी, पूर्वी साहेबलोकांच्या बंगल्यात मोरी लांब असायची. रात्री उठून कोण जाणार? म्हणून पलंगाखाली एक भांडं ठेवायचे. सकाळी नोकर ते रिकामं करायचा. हे तसलं भांडं आहे."

मायाक्काला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. "मुतायचं?"

"हो."

म्हातारी दगडावर बसली. मग तिचा राग धनलक्ष्मीकडे वळला. "मग त्ये जेवायचं हाय म्हनून कशी सांगितलीस गं तू? लेक माजं गावभर नाचलं की."

"चुकलं माझं. एकच बाजू दिसत होती. दुसरी मी माझ्या मनानं लावली."

"मनानं लावली." मायाक्कानं पदरानं तोंड पुसलं. "माज्या सासूनं ह्यातला भंडारा घेतला. माजी पाच लेकरं, समद्यांच्या कपाळाला ह्यातलाच. मालक गेलं तवा त्यांच्या बी." मग डोळे पुसून तिनं मान वर केली आणि अगदी व्यवहाराचं विचारलं, "त्ये वापरल्यालं हाय का? त्येवढं सांग मला."

धनलक्ष्मीला तिथवर जे सुचलं नव्हतं, ते त्या एका प्रश्नानं सुचलं. तिच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. "बघून सांगते. पाणी पाहिजे, कोरं फडकं पाहिजे, आणि उन्हात बसू आपण."

मायाक्कानं हाक मारून सोनालीकडून तांब्या आणि फडकं मागवलं, आणि ती रेंगाळायला लागली तशी तिला परत पिटाळलं. धनलक्ष्मीनं पर्समधून भिंग काढलं. लॅबमधलं, दाताच्या कडा तपासायचं. भांडं धुतलं, पुसलं, पालथं घातलं.

"हे कुठून आणलं होतं सासऱ्यांनी?"

"सोलापुरात घोंगडी इकायला जायचं ते. सायबाच्या मालाचं येक दुकान हुतं म्हनं. सायब गेलं आन् दुकान मोडलं. दोन घोंगड्यांवर ह्ये दिलं दुकानदारानं. पेंढ्यात गुंडाळल्यालं हुतं. तो पेंढा मीच कालवडीला टाकला, मला याद हाय."

"ते ठीक," धनलक्ष्मी म्हणाली. "पण ऐकलेल्यावर मी आता नाही जाणार. भांडंच सांगू दे."

तिनं म्हातारीचं बोट धरून बुडाच्या कड्यावरून फिरवलं. "कसं लागतं?"

"खरबरीत."

"रोज रात्री पलंगाखालून ओढलं आणि सकाळी आत सरकवलं असतं, तर फरशीवर घासून हे गुळगुळीत झालं असतं. काळं पडलं असतं. आता आत बघा." तिनं भांडं उन्हाकडे तिरपं केलं. आतल्या झिलईत वरच्या बाजूला केसांसारख्या बारीक भेगांची जाळी होती आणि प्रत्येक भेग हळदीनं पिवळी झाली होती. "आपल्या दातावर किटण चढतं ना, तसं असल्या भांड्याच्या बुडाशी क्षार चढतात. घासून वरचं निघतं, पण कुठंतरी राहतंच. मी आयुष्यभर असली किटणं बघत आलेय. इथं भेगांत नुसती हळद आहे, आणि बूड कोरं आहे."

अजून तिचं समाधान झालं नव्हतं. तिनं कानाच्या आतून, जिथं उचलताना बोटं जातात तिथून, हळूच बोट फिरवलं आणि "हाय!" करून हात मागं घेतला. बोटाच्या टोकावर रक्ताचा ठिपका आला होता. भिंगातून पाहिलं, तर भट्टीत भाजताना झिलईला चिकटलेला मातीचा एक टोकदार कण तिथं तसाच होता, सुईसारखा.

धनलक्ष्मी हसली. "आजी, तुम्ही हे कानाला धरून उचलता का?"

"छ्या! देवाचं हाय. दोनी हातानं."

"म्हणून तुम्हाला कधी टोचलं नाही. नोकरानं एक दिवस जरी हे भरलेलं भांडं कानाला धरून उचललं असतं, तर बोट कापलं असतं त्याचं. दुसऱ्या दिवशी त्यानं हा कण घासून टाकला असता. हा इथं आहे, म्हणजे हे भांडं दुकानातून थेट तुमच्या घरी आलंय. कोणीही वापरलेलं नाही. छातीवर हात ठेवून सांगते."

मायाक्कानं डोळे बारीक केले. "पयल्यांदा बी अशीच सांगितलीस की."

"तेव्हा फोटो होता. आता हातात आहे."

म्हातारीनं तिचं रक्त आलेलं बोट आपल्या हातात घेतलं, निरखून बघितलं आणि पदराच्या टोकानं दाबून धरलं. थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले. धनलक्ष्मीला वाटलं, रडतेय. पण मायाक्का बिनदातांचं तोंड उघडून हसत होती. "सायबाचं मुतायचं भांडं," ती म्हणाली, "आन् सायबाचं नशीब बघ, त्येला घावलंच न्हाय!"

पटांगणात परत आल्यावर तिनं कुणाला विचारायची संधीच दिली नाही. ओसरीच्या पायरीवर उभी राहिली आणि मघाशी वाड्याशी धनलक्ष्मीला जे म्हणाली होती तेच, त्याच शब्दांत, सगळ्या भावकीला सांगून टाकलं. मागं कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळं पटांगण फुटलं. बाया पदर तोंडात धरून हसल्या. एक म्हातारा तर घोंगड्यावर आडवा झाला. सोनाली आधी लाजली, मग तिलाही आवरेना.

हसला नाही तो बिभीषण. "आई, आता काय करायचं? गावभर झालंय."

"गावभर झालंय ते तू केलंस. आता ह्ये बी कर."

"आन् देवाचं काय? सत्तर वर्सं आपुन..."

"म्याडमनं बगितलंय. भांडं कोरं हाय. तिचं रगत सांडलंय त्यापायी." मायाक्कानं धनलक्ष्मीचं बोट वर करून दाखवलं. "भांड्यात खोट न्हाय. पर आता उद्या कुनीबी भंडारा घेताना गालात हसंल, आन् बिरोबाफुडं तसलं हसू नगं मला. सोने, माळ्यावरनं कोरा पितळंचा डबा काढ."

डबा आला. मायाक्कानं भंडारा त्यात भरला आणि भरता भरता आधी पाहुणीच्या कपाळाला लावला. मग तिनं रिकाम्या भांड्यात आपल्या लोकरीचे पेळू आणि चाती ठेवून दिली. झाकण लावून पाहिलं. "उंदरापासनं बी बरं हाय," म्हणाली. मग धनलक्ष्मीकडे वळून डोळे मिचकावत, "तुला पायजे असंल ह्ये. तुज्या डोळ्यात दिसतंय. पर मी देनार न्हाय."

"मी मागणारच नव्हते, आजी."

"खोटं बोलू नगं."

"बरं," धनलक्ष्मी म्हणाली, "मागितलं असतं."

शाल-नारळ मात्र झाला. बिभीषणनं तो दिला, पण तिच्याकडे बघून नव्हे. जीपमध्येही सांगोला येईपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. एसटीत बसल्यावर सोनालीनं विचारलं, "ताई, तुम्ही गप्प बसला असता तर चाललं असतं की. का सांगितलं?"

"गप्प बसले असते, तर पुढच्या प्रत्येक भांड्याला माझा हात कापला असता," धनलक्ष्मी म्हणाली. मग बोटाकडे बघून तिला स्वतःलाच हसू आलं. "तसा आजही कापलाच म्हणा."

घरी अंबादासला तिनं सगळं सांगितलं. तो इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं. सोमवारी तिनं लॅबमध्येही सांगितलं, आणि ग्रुपवर बुडाचा, कडेचा आणि त्या एकुलत्या कानाचा फोटो टाकून लिहिलं, की आधीचा निकाल माझा चुकला, कारण मी न दिसलेली बाजू धरून चालले. अंगठे या वेळी जरा जास्तच आले, पण तिनं ते मोजले नाहीत. त्याच आठवड्यात तिनं कपाटातला एकेक नग बाहेर काढला, आणि तो पहिल्यांदाच हाती आल्यासारखा सगळ्या बाजूंनी तपासला. कितीतरी वर्षं लोण्याची म्हणून मिरवलेली एक डबी दात घासायच्या पावडरीची निघाली. तिनं ती मुकाट्यानं खालच्या कप्प्यात हलवली, साबणदाणीच्या शेजारी. आणि ठरवून टाकलं, की भांडं हातात आल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही. फोटो पाठवणाऱ्यांना ती आता एवढंच लिहायची, "दुसरी बाजू दाखवा."

डाळिंबाचा हंगाम संपत आला होता, तेव्हा एका दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. पलीकडे बिभीषण. आधी त्यानं पावसापाण्याचं विचारलं, मग सोनालीचं काम कसं चाललंय ते विचारलं. मग जरा खाकरला.

"म्याडम, करकंबला माजं मेव्हणं हायती. त्यांच्या घरात येक पांढरं ताट घावलंय, लई मोटं. मागं कायतरी अक्षरं हायती. तुमी याल का बगायला?"

"येईन की. रविवारी."

"पर आदी मला येकट्याला सांगायचं बगा. मग समद्यांस्नी."

"ताट तुमचं का मेव्हण्याचं?"

"मेव्हण्याचं."

"मग आधी मेव्हण्याला सांगणार," धनलक्ष्मी म्हणाली, आणि जेवणाच्या डब्याचं झाकण लावून पुन्हा भट्टीकडे वळली.